डिस्प्लेचं किचन घरी आलं ते तडा घेऊनच – ग्रुपवर सल्ला हवाय

शनिवार, रात्री ९.१२
सी-६०३: नमस्कार मंडळी. मेसेज मोठा आहे, पण कृपया शेवटपर्यंत वाचा. आम्ही एका शोरूममधलं डिस्प्लेला लावलेलं मॉड्युलर किचन घेतलं. त्यांना तिथे नवीन मॉडेल लावायचं होतं, म्हणून जुनं काढत होते. तसंच नवं करून घ्यायचं तर साडेतीन लाख सांगत होते, हे १ लाख ८५ हजारांत ठरलं. त्यात काढणं, टेम्पो, बसवणं सगळं आलं. दीड लाख दिलेत, ३५ हजार काम पूर्ण झाल्यावर द्यायचेत.
बुधवारी भर पावसात टेम्पो आला, काल संध्याकाळी बसवून झालं. ओट्याच्या दगडाला (क्वार्ट्झ आहे) सिंकच्या कोपऱ्यापासून पुढच्या कडेपर्यंत तडा आहे. खालच्या तीन शटरचे कोपरे दबलेत. गॅसखालची ट्रॉली बंद केली तरी दोन बोटं बाहेर राहते. सगळ्यात वाईट म्हणजे सिंकखालच्या कपाटाची जमिनीलगतची पट्टी आज सहज काढून बघितली, तर बाजूच्या फळीचं बूड फुगलेलं. बोटाने दाबलं तर भुसा पडला. अजून नळसुद्धा जोडलेला नाही आम्ही!
शोरूमवाले म्हणतात, "सेकंडहँड माल आहे मॅडम, जसा आहे तसा घेतलाय तुम्ही. तडा तुमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये गेला असेल." सोमवारी माणूस पाठवतोय, उरलेले पैसे तयार ठेवा म्हणाला. काय करू?

९.२०
बी-२०१: ताई, राग मानू नका, पण निम्म्या किमतीत घेतलेल्या मालाला असं काहीतरी होणारच. देऊन टाका पैसे, एखादा चांगला सुतार बघा आणि विषय संपवा. या लोकांच्या मागे लागून काही हाती येत नाही.

९.२३
सी-६०३: दादा, स्वस्त होतं म्हणून घेतलं हे खरंच आहे. पण आम्ही दोघं तासभर तिथे उभे राहून प्रत्येक शटर उघडून बघून आलो होतो. तेव्हा दगड अखंड होता, फोटो आहेत माझ्याकडे. आम्ही पैसे त्या किचनचे दिले, या तडा गेलेल्याचे नाही.

९.३१
ए-१०२: मी ३५ वर्षं फर्निचरची कामं केली आहेत, म्हणून बोलतो. पहिली गोष्ट, सोमवारपर्यंत कशालाही हात लावू नका. तड्यात कुणाला केमिकल भरू देऊ नका. पट्टी काढली आहे ती तशीच राहू द्या. भरलेल्या तड्याचा फोटो काढून उपयोग नसतो.
दुसरं, लिफ्टचं म्हणतोय तो. दगड किती लांब आहे?

९.३३
सी-६०३: सिंकच्या बाजूचा आठ फूट एक इंच, काका.

९.३४
ए-१०२: आपल्या लिफ्टमध्ये सव्वासात फुटांच्या वर काही उभं राहत नाही. माझं कपाट जिन्यानेच न्यावं लागलं होतं. लिफ्टमध्ये गेलाच नाही तो दगड.

९.४०
सेक्रेटरी: बरोबर आहे. वॉचमनला आत्ताच विचारलं. दगड चौघांनी जिन्याने नेला. तो म्हणतो टेम्पोचं मागचं फळकं उघडलं तेव्हा दगड आडवा झोपवलेला होता आणि त्यावर खोके रचलेले होते. गेटच्या कॅमेऱ्यात दिसायला हवं. आपल्या डीव्हीआरमध्ये १५ दिवसांचंच रेकॉर्डिंग राहतं, त्यामुळे उद्या सकाळीच बुधवारचं पेन ड्राइव्हवर काढून ठेवतो. रजिस्टरमधल्या टेम्पोच्या एंट्रीचा फोटोही देतो.

९.४६
ए-१०२: आडवा? मग झालंच. काचेसारखाच न्यायचा असतो दगड, घोडीला (तिरक्या स्टँडला) टेकवून, कडेवर उभा. सिंकचं भोक पाडलं की पुढे चार बोटांची पट्टी तेवढी उरते. सगळ्या दगडाला धरून ठेवणारी तीच, आणि सगळ्यात नाजूकही तीच. आडवा ठेवून वर ओझं टाकलं की पहिल्या खड्ड्यात तिथूनच जातो. ताईंचा तडा नेमका तिथेच आहे बघा.
खरं तर डिस्प्लेचं किचन घेताना दगड धरूच नये. तो कपाटांवर चिकटवलेला असतो, सोडवतानाच निम्मे मोडतात. दगड घरच्या मापाने नवा घ्यायचा असं धरूनच भाव ठरवावा. पण त्यांनी दगडासकट पैसे घेतलेत ना, मग दगडाची जबाबदारी त्यांचीच.

९.५२
सी-३०३: अगं, मला आधी का नाही सांगितलंस! गौरी-गणपती तोंडावर आलेत आणि तुझ्याकडे चुलीची सोय नाही. दोन्ही वेळचं माझ्याकडे कर. एक शेगडी रिकामीच असते.

९.५५
ए-४०३: सूचना – उद्या टाकी साफ करणार आहेत, पाणी सकाळी ७ ते ९ च येईल.

१०.०४
ए-१०२: आता त्या फुगलेल्या फळीचं. भुसा पडला म्हणालात तेव्हापासून तेच डोक्यात आहे. शोरूममध्ये नळ नसतो, पण फरशी रोज ओल्या फडक्याने पुसतात. ते पाणी पट्टीखालून जातं आणि फळीचं बूड पीत राहतं. वर्ष-दोन वर्षं चालतं हे, आणि पट्टीमुळे बाहेरून कुणाला काही दिसत नाही. पण प्लाय फुगला तर त्याचे थर सुटतात, पापुद्रे निघतात. भुसा पडत नाही. भुसा पडतो पार्टिकल बोर्डचा. तुमच्या कोटेशनमध्ये कपाटाच्या सांगाड्याला काय लिहिलंय?

१०.०९
सी-६०३: थांबा, काढते… "कारकस – बीडब्ल्यूपी प्लाय, १८ मिमी". बिलावरही तेच आहे.

१०.११
ए-१०२: बीडब्ल्यूपी म्हणजे उकळत्या पाण्यातही न सुटणारा प्लाय. मग टॉर्च घ्या. बाजूच्या फळीला पाइपासाठी भोक पाडलं असेल, त्याच्या आतल्या कडेवर उजेड टाका. आडव्या रेघा, म्हणजे थर दिसले तर प्लाय. दाणेदार, दाबलेल्या भुशासारखं दिसलं तर बोर्ड. सगळी कपाटं बघा, एकच बघून थांबू नका.

१०.३८
सी-६०३: बघितलं सगळं. वरची सगळी आणि कोपऱ्यातलं कपाट, सगळीकडे थर दिसतात. सिंकखालचं आणि गॅसखालच्या ट्रॉल्यांचं मात्र दाणेदार आहे. गॅसखालच्याला तर जे स्क्रू काढून परत लावलेत ते हाताने फिरतायत, पकडच नाही. म्हणून ट्रॉली बाहेर राहते का?

१०.४१
ए-१०२: त्यामुळेच. बोर्डात एकदा पाडलेल्या भोकात तोच स्क्रू दुसऱ्यांदा धरत नाही, भोक झिजतं. चॅनल (ट्रॉली सरकते ती पट्टी) खाली बसला की ट्रॉली तिरकी जाते. त्यात लाकडी खुंटी ठोकून पुन्हा भोक पाडता येतं, पण ती मलमपट्टी. पाण्याच्या जागी बोर्ड लावला हेच मुळात चूक, आणि कागदावर प्लाय लिहिला ही तर सरळ फसवणूक आहे.

रविवार, सकाळी ८.०५
बी-४०४: सगळं आत्ता वाचलं. काकांनी केसचं निम्मं काम केलंय. बी-२०१ दादा, एक सांगते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये ग्राहक म्हणजे स्वतःच्या वापरासाठी मोबदला देऊन माल घेणारा. माल नवाच असला पाहिजे अशी अट त्यात नाही. सेकंडहँड घेतला म्हणून हक्क जात नाही.
जुना वस्तू विक्री कायदा आहे १९३० चा. त्याच्या कलम १५ मध्ये आहे की वर्णन सांगून विकलेला माल त्या वर्णनाचाच असला पाहिजे. प्लाय लिहून बोर्ड दिला तर तो मुद्दा इथे येतो. कलम १६ चं शोरूमवाला बोलेल, की तुम्ही माल बघून घेतला होता. खरं आहे, तपासून घेतल्यावर जो दोष बघताना दिसायला हवा होता त्याबद्दल नंतर तक्रार करता येत नाही. म्हणजे शटरवर आधीचा ओरखडा असता तर तो तुमच्या पदरात. पण पट्टीमागे सडलेलं बूड तुम्हाला दिसणं शक्यच नव्हतं. आणि तडा तर माल त्यांच्या टेम्पोत असताना गेला, त्यांनीच बसवून द्यायचं ठरलं होतं. "जसा आहे तसा" म्हणजे तुम्ही शोरूममध्ये बघितला तसा. टेम्पोतून उतरला तसा नव्हे.

८.१७
सी-६०३: ताई, आता वाद घालायची ताकद नाही. कोर्टकचेरी नको वाटते.

८.२१
बी-४०४: कोर्टकचेरी कदाचित लागणारच नाही, पण दार उघडं आहे हे त्यांना कळलं पाहिजे. आज एक ईमेल पाठव, शक्यतो मराठीतच, सरळ भाषेत. फोटो, कोटेशन, टेम्पो आल्याची वेळ, कुठल्या दोन कपाटांत बोर्ड निघाला ते. काय हवंय आणि किती दिवसांत हेही लिही. उरलेले ३५ हजार काम पूर्ण झाल्यावर द्यायचं ठरलंय, आणि काम पूर्ण झालेलं नाही हे स्पष्ट लिही. पैसे बुडवायचे नाहीत असंही लिही. सोमवारी तो कागद पुढे करेल, "माल सुस्थितीत मिळाला" असा. त्यावर सही करायची नाही. करायचीच वेळ आली तर आधी सगळे दोष हाताने लिहायचे आणि त्याखाली सही.
नाही ऐकलं तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार. ते निकाल देत नाहीत, पण तक्रार दुकानदाराकडे पाठवून उत्तर मागतात. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही. दोन वर्षांची मुदत आहे. मसुदा मी बघून देते.

८.४०
ए-१०२: काय मागायचं तेही नीट ठरवा, नाहीतर तो तीन शटर बदलून मोकळा होईल. ते मॉडेल शोरूमने काढून टाकलंय म्हणता, म्हणजे तोच रंग मिळेलच असं नाही. मिळाला तरी नव्या शटरची छटा जुन्याशी जुळत नाही, उन्हात लगेच कळतं. खालची सगळीच शटर एका वेगळ्या रंगात मागा, वरची आहेत तशी राहू द्या. वर एक, खाली एक असं हल्ली मुद्दामही करतात.
आणि क्रम महत्त्वाचा. आधी दोन्ही कपाटं बदलून घ्या, दगड शेवटी. तो गोड बोलून दगड आधी बसवेल. एकदा दगड वर बसला की खालचं कपाट काढायला कुणी तयार होत नाही.

८.४८
सी-६०३: काका, दगड परत क्वार्ट्झच घ्यायचा की काळा ग्रॅनाइट चालेल?

८.५२
ए-१०२: माझं मत विचाराल तर ग्रॅनाइट. आपल्याकडे गरम कुकर, तवा सरळ ओट्यावर ठेवायची सवय असते. क्वार्ट्झमध्ये रेझिन असतं, त्याला डाग पडतो. ग्रॅनाइटला त्याचं काही नाही.

मंगळवार, सायंकाळी ७.३०
सी-६०३: मंडळी, काल ते आले होते. सोबत सुपरवायझर होता. पहिली दहा मिनिटं तेच, सेकंडहँड आणि लिफ्ट. सेक्रेटरी साहेबांनी मोबाइलवर गेटचं रेकॉर्डिंग लावलं. फळकं उघडलंय, दगड आडवा, वर चार खोके आणि एका कोपऱ्याचं प्लास्टिक फाटून लोंबतंय. तिथून पुढे लिफ्टचा विषय निघाला नाही. मग काका खाली बसले. पट्टीमागच्या फळीवर नुसतं नख ओढलं आणि हातात आलेला भुसा सुपरवायझरच्या तळहातावर ठेवला. कोटेशन बाजूला धरलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग फोन घेऊन गॅलरीत गेला.
लेटरहेडवर लिहून दिलंय: सिंक आणि गॅसखालची दोन्ही कपाटं बीडब्ल्यूपी प्लायमध्ये नवीन, खालची नऊच्या नऊ शटर नवीन, ओटा काळ्या ग्रॅनाइटचा, बारा दिवसांत. बाकी रक्कम त्यानंतर. क्वार्ट्झ परत मागायचा नाही असं ठरलं, ते मला मान्य आहे.
पैसे परत घ्यायचे का असंही आम्ही दोघांनी रात्री बोलून पाहिलं. पण वरची कपाटं खरोखर चांगली आहेत आणि मला ते किचन पहिल्या दिवशीच आवडलं होतं.

७.४१
बी-२०१: ताई, मी चुकीचा सल्ला दिला होता. बरं झालं ऐकलं नाहीत. माझ्या मुलाचा फ्लॅट होतोय, हा सगळा धागा त्याला पाठवतो.

७.४४
बी-४०४: छान! त्या कागदावर तारीख आणि शिक्का आहे ना? स्कॅन करून स्वतःलाच ईमेल करून ठेव.

७.५०
ए-१०२: प्लाय आला की कापायच्या आधी मला बोलवा. शीटवर आयएसआयचा शिक्का आणि आयएस ७१० (बीडब्ल्यूपी प्लायचा मानक क्रमांक) लिहिलेलं असतं, ते बघून फोटो घेऊ. कापल्यावर शिक्का कुठल्या तुकड्यावर गेला ते सापडत नाही. आणि पाइपासाठी जिथे जिथे भोक पाडतील तिथली उघडी कड माझ्यासमोर सील करून घ्यायची.

८.०२
सी-६०३: काका, ते कारखान्यात कापून आणणार म्हणतात.

८.०५
ए-१०२: मग कारखान्यात जाऊ. पत्ता घेऊन ठेवा. गुरुवारी सकाळी मी मोकळा आहे.

८.०८
सेक्रेटरी: दगड येईल त्या दिवशी जिना सकाळी ११ ते १ राखून ठेवतो. सी विंगच्या मंडळींनी कृपया त्या वेळेत चपलांचे स्टँड आत घ्यावेत.

८.१५
सी-३०३: आणि तोवर स्वयंपाक माझ्याकडेच. उद्या भरली वांगी करतेय, शेंगदाण्याचं कूट तेवढं तुझ्याकडचं आण.