पेन्शन खात्यात, माणूस देवळात: माजी सैनिकांची पाहणी हवी की नको?

पैनगंगा

विदर्भातल्या खेड्यांतले माजी सैनिक आज कुठे राहतात आणि त्यांची मनःस्थिती कशी आहे, याची जिल्हावार पाहणी झाली पाहिजे असं माझं मत आहे. समाजकार्य शिकवणाऱ्या ओळखीच्या लोकांकडे विषय काढला की उत्तर ठरलेलं: "आपल्याकडे कुठे आहेत बेघर फौजी? ते अमेरिकेत." म्हणून इथे मांडतोय.

अमेरिकेत आहेतच. तिथे जानेवारीतल्या एका रात्री रस्त्यावरची आणि निवाऱ्यातली माणसं मोजतात. 2010 साली त्यात माजी सैनिक सुमारे 74,000 होते, 2024 मध्ये 33,000 च्या आत आले. घरभाड्याची मदत आणि उपचार एकाच दारात द्यायला लागले, "आधी दारू सोड, मग घर" ही अट मागे पडली, त्याचा यात मोठा वाटा. पण मुळात मोजलं म्हणून कळलं.

आपल्या 2011 च्या जनगणनेतही 28 फेब्रुवारीच्या रात्री बेघर मोजले. देशात 17.7 लाख, पैकी 8.3 लाख खेड्यांत. त्यातला फौजी कोण, हे कुणी विचारलं नाही. 2015-16 चं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण बारा राज्यांत झालं, त्यात महाराष्ट्र नव्हता.

शिवाय आपला बेघर पुलाखाली झोपत नाही. तो चुलतभावाच्या पडवीत असतो, मारुतीच्या देवळात असतो, आठ दिवस बहिणीकडे आणि मग पुन्हा एसटी स्टँडवर. दिग्रसकडच्या एका घरात काळी ट्रंक पाहिली. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, नाव, पलटण, आणि आत तूर भरलेली. ज्याची ट्रंक तो कुठे असतो विचारलं तर भावजय म्हणाली, "असते इकडंतिकडं." गणनेच्या रात्री हा माणूस कुणाच्या ना कुणाच्या छपराखाली सापडतो आणि बेघरांच्या यादीतून सुटतो.

अशा माणसाचं पेन्शन कसं थांबतं तेही पाहा. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. डोकं ठिकाणावर नसलेला, गावोगाव फिरणारा माणूस तो देत नाही, पैसे बंद होतात. पैसे बंद झाले की भावाच्या घरात जी काही किंमत होती तीही जाते. दाखला दिला तर थकबाकी मिळते, पण देणार कोण?

हवालदार_निवृत्त_बुलढाणा

सरळ सांगतो, नको. आम्हाला वेडं ठरवायचे धंदे बंद करा.

मी पूर्ण सेवा करून आलो. माझ्याबरोबरचे बहुतेक जण चांगले आहेत. कुणी बँकेत गार्ड आहे, कुणी संत्र्याची बाग केली, एक सरपंच झाला. तुम्ही ट्रंकेतली तूर पाहिली आणि लगेच जिल्ह्याची पाहणी! उद्या पेपरात छापून येईल की माजी सैनिकांत मानसिक आजार इतके टक्के. मग गार्डच्या नोकरीला उभं कोण करेल? बंदुकीच्या परवान्याचं काय? पोरीच्या सोयरिकीला पाहुणे काय विचारतील?

दुसरी गोष्ट, खरं कोणी सांगणार नाही. नोकरीत असतानाच आम्ही शिकतो की मनाचं काही बोललं की मेडिकल कॅटेगरी खाली जाते, मग बढती अडकते. झोप लागत नाही हे पलटणीच्या डॉक्टरला न सांगणारा माणूस तुमच्या कॉलेजातल्या पोराला सांगेल? तो पोरगा फॉर्म घेऊन येणार, "काका, रात्री दचकून उठता का?" मी चहा पाजून परत पाठवीन.

कापूसवाला

हवालदार साहेबाईशी सहमत, पण कारण वेगळं हाय. इथं कास्तकार फास घेऊन राह्यला न तुमाले पेन्शनवाल्याची पाहणी सुचते! फौजीले महिन्याले पैसा येते, क्यांटीन हाय, दवाखाना हाय. 2020 पासून गावातल्या घराचा टॅक्सही माफ. आमच्या सोयाबीनले भाव नाही, कपाशीवर बोंडअळी. विदर्भात मनाचा आजार मोजायचा असन तं पह्यले आमचा मोजा.

पैनगंगा

कापूसवाले भाऊ, तुमचा मोजला गेलाय, आणि त्याचा उपयोगही झाला. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच लोकांना शिकवून नैराश्य ओळखायचं, बोलतं करायचं, गरज असेल त्याला डॉक्टरकडे न्यायचं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी 4.3 टक्के होते, दीड वर्षाने 27.2 टक्के झाले. हे 2017 मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री'त छापून आलं. म्हणजे खेड्यातला माणूस बोलतो, विचारणारा जवळचा असला तर. हवालदार साहेबांच्या चहाच्या मुद्द्यालाही माझं हेच उत्तर.

आणि टॅक्समाफीचं म्हणाल, तर ती ज्याच्या नावावर घर आहे त्याला. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 ला, म्हणजे घरांच्या नोंदवहीत, ज्याचं नावच नाही त्याला काय माफ करणार? फौजी आणि कास्तकार ही दोन घरंही नाहीत. पेन्शनवर थोरल्याचं पीककर्ज फिटतं, म्हणून तर भाऊ पासबुक सांभाळतो आणि माणूस सांभाळत नाही.

कापूसवाला

सगळेच भाऊ तसे नसते न बाप्पा. माया चुलता बीएसएफमधून आला तवापासून आमच्यातच जेवते. कोणी त्याचं पासबुक पाह्यलं नाही.

सर्व्हेवाला

पाहणीच्या बाजूने आहे, पण धाग्यात एक गोष्ट गृहीत धरली जातेय ती खोडायला हवी. "लढाई पाहिली, म्हणून डोकं फिरलं, म्हणून घर सुटलं" ही साखळी सिनेमातली आहे. व्हिएतनामहून परतलेल्यांवर रोझेनहेक आणि फोंटाना यांनी 1994 मध्ये अभ्यास छापला. घर सुटण्याशी थेट संबंध कशाचा जास्त? परत आल्यावर एकटं पडणं, लग्न नसणं, मानसिक आजार, व्यसन. लढाईत काय पाहिलं त्याचा थेट परिणाम त्यामानाने फारसा दिसला नाही. फौजेतून सुटल्यावरच्या पहिल्या वर्षात आधाराला माणूस होता का, ही गोष्ट त्यात महत्त्वाची निघाली.

आता आपल्याकडे बघा. जवान ऐन पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. गावातली सोबतची पोरं वर्धा-नागपूरला गेलेली, बायकोने पंधरा वर्षं घर एकटीने चालवलेलं, शेती भावाच्या हातात. घरात त्याची जागा कुठली, तर पाहुण्याची. म्हणून "युद्धाचा ताण" शोधत बसलात तर काही सापडणार नाही. "तुम्ही बेघर आहात का" हेही विचारू नका, कोणी हो म्हणणार नाही. विचारा: मागच्या वर्षभरात किती घरांत झोपलात? पासबुक कुणाकडे आहे? शेवटचं कुणाशी मोकळं बोललात?

अंजनगावची

मी हे सगळं वाचते आहे दोन दिवसांपासून. मले एक सांगा, घर सुटलेला मोजणार, घरात उरलेलीले कोण मोजणार?

माझे मालक सतरा वर्षं नोकरी करून आले. लढाई नाही पाहिली, सप्लायमध्ये होते. पहिले सहा महिने चांगले गेले. मग दुपारपासून सुरू. मुलांना सकाळी पाचला उठवून अंगणात उभं करायचं, भाकरी जाड झाली की ताट फेकायचं. एका रात्री लहान मुलगी कणगीमागे लपली, ती सकाळीच सापडली. त्या दिवशी त्यांची खाट गोठ्यात टाकली. मी टाकली. आता ते कधी गोठ्यात असतात, कधी देवळात. तुमच्या फॉर्मवर ते बेघर लिहिले जातील आणि वाचणारा म्हणेल, बिचाऱ्याला बायकोनं काढलं.

दवाखान्याचंही सांगते. माजी सैनिकांच्या योजनेत मनाचा डॉक्टर मिळतो, पण आधी पॉलिक्लिनिक, मग तिथून चिठ्ठी, मग शहरातलं हॉस्पिटल. दारू उतरलेला आणि राजी झालेला माणूस त्या दिवशी हातात पाहिजे, रजा पाहिजे, एसटी पाहिजे. राजी झाला तो मंगळवार होता, चिठ्ठी मिळाली पुढच्या सोमवारी. तोवर राजीपणा गेला. सरकारच्या मानसिक मदतीचा 14416 नंबर मी लावला, तिकडचा मुलगा नीट बोलला, खोटं नाही सांगत. पण तो माझ्याशी बोलला. ज्यांच्याशी बोलायचं होतं ते देवळात.

हवालदार_निवृत्त_बुलढाणा

ताई, तुमच्याबद्दल वाईट वाटलं. पण हा दारूचा प्रश्न आहे, फौजेचा नाही. आमच्या गल्लीत मास्तर पितो, त्याची कुणी पाहणी करत नाही. क्यांटीनची बाटली काहीजण गावात विकतात, काहीजण पितात, ज्याचा त्याचा विचार.

अंजनगावची

साहेब, मास्तर रोज संध्याकाळी घरी येत होता. त्याच्या घरच्यांनी त्याला हळूहळू पाहिलं. मले सतरा वर्षांचा माणूस एकदम मिळाला.

अग्निवीराचा_भाऊ

इथे सगळे पेन्शनवाल्यांवर बोलत आहात. 2022 ला सैन्यभरतीची अग्निपथ योजना आली. चार वर्षं नोकरी, पंचवीस टक्क्यांपर्यंत कायम, बाकीचे साधारण पावणेबारा लाखांचा सेवानिधी घेऊन घरी. पेन्शन नाही, माजी सैनिकांचा दर्जा नाही, त्यामुळे ताई म्हणतात ती पॉलिक्लिनिकही नाही. पहिल्या तुकड्यांची चार वर्षं 2026 च्या शेवटापासून भरायला लागतात. माझा भाऊ त्यांच्या मागच्या तुकडीत आहे. गावाने त्याची जाताना मिरवणूक काढली होती, डीजे लावून. कायम झाला नाही तर? पंचविशीही नसेल आणि गावात त्याच्याकडे "नापास" म्हणून बघतील. सर्व्हेवाले म्हणतात ते पहिलं वर्ष आमच्या घरात येणार आहे. पाहणी करायची तर त्यांच्यापासून करा, आत्ता.

कापूसवाला

पावणेबारा लाख आमाले सात जन्मात एकदम दिसत नाही.

अग्निवीराचा_भाऊ

त्यातून बहिणीचं लग्न आणि बोअर झाली की किती उरतात ते तुम्हालाच माहीत.

पैनगंगा

याच रांगेत अजून दोन जण येतात. एक, निमलष्करी दलातले. गडचिरोलीत ड्युटी करणारे आणि 2019 च्या पुलवामा हल्ल्यात शहीद झालेले बुलढाण्याचे दोघे ज्या दलाचे, ते सीआरपीएफवालेही माजी सैनिकांच्या व्याख्येत बसत नाहीत. या दलांत 2018 ते 2022 या पाच वर्षांत 654 आत्महत्या झाल्याचं सरकारनेच संसदेत सांगितलं. दुसरे, पंधरा वर्षं भरायच्या आत परत आलेले जवान, ज्यांना सेवेचं पेन्शन बसत नाही. केंद्रीय सैनिक बोर्डाची दरमहा मदत 2025 मध्ये 4,000 वरून 8,000 झाली, पण ती पासष्टीनंतर. तिशीत परत आलेल्याने मधली तीसेक वर्षं कुठे काढायची?

तेव्हा माझी सूचना अशी. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे माजी सैनिकांची नोंद असते. हयातीचा दाखला न आल्याने ज्यांचं पेन्शन थांबलंय ती नावं त्या नोंदीशी लावून पाहा. सगळ्यांना वेडं ठरवायची गरज नाही, फक्त हरवलेल्यांच्या दारापर्यंत जा. त्यात काही वारलेले निघतील, काही मुलाकडे पुण्याला गेलेले. उरतील त्यांच्याकडे बसा. विचारायला कॉलेजचा पोरगा नको, निवृत्त फौजी हवा, सोबत आशाताई. आणि घरातल्या बाईला वेगळं, एकटीला विचारायचं. अंजनगावच्या ताईंनी हे सुचवलं नसतं तर माझ्या डोक्यात आलं नसतं.

सर्व्हेवाला

यातून पेन्शन नसलेले आणि अग्निवीर सुटतात, कारण त्यांचं थांबायला काही नाहीच. त्यांच्यासाठी गावातूनच विचारत जावं लागेल. खर्च दुप्पट.

हवालदार_निवृत्त_बुलढाणा

विरोध कायम आहे. पण दाखला न आलेल्यांची यादी वेगळी गोष्ट, ती आमच्या संघटनेनेच करायला हवी होती. त्याला पाहणी म्हणू नका, हजेरी म्हणा. आणि ती यादी सरपंच, तलाठी कुणाच्या हातात गेली नाही पाहिजे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयतेचा हक्क आहे म्हणतात, पण आमच्या गावात चिठ्ठी पोस्टमनच्या आधी पानठेल्यावर वाचली जाते.

फॉर्म आधी मला दाखवा. बुलढाण्यातले तीन-चार जण मला माहीत आहेत, त्यांच्याकडे मी स्वतः जाईन, पण फॉर्म खिशातच राहील.

कापूसवाला

जाऊन या साहेब. पेन्शन सुरू झाल्यावर भावाच्या घरी पुन्हा पाय ठेवून पाहा, कोण चहा पाजते तं.