मदत हवी आहे: अल्बर्ट लीसारखं कंट्री गिटार शिकण्यासाठी

नमस्कार मंडळी, कुणी टेलिकास्टरवर (फेंडर कंपनीची इलेक्ट्रिक गिटार) कंट्री-रॉक वाजवतं का इथे?

सध्या गिटारवादक अल्बर्ट लीचं वेड लागलंय. माणूस इंग्लंडचा, पण वाजवतो असा की कंट्री संगीताचं माहेरघर असलेल्या नॅशव्हिलवाल्यांनीही कान टवकारावेत. १९७६ मध्ये कंट्री गायिका एमिलू हॅरिसच्या हॉट बँडमध्ये थेट जेम्स बर्टन या नामवंत गिटारवादकाची जागा घेतली, पुढे काही वर्षं एरिक क्लॅप्टनबरोबर वाजवलं, १९८३ च्या एव्हर्ली बंधू या गायक जोडीच्या पुनर्मीलनातही होताच. नंतर 'होगन्स हीरोज' हा बँड घेऊन वर्षानुवर्षं दौरे केले. मला खरं तर हाच बँड जास्त आवडतो. त्यात गेरी होगनची पेडल स्टील (आडवी ठेवून, तारांवर धातूची कांडी सरकवत वाजवायची गिटार) आणि लीची गिटार यांची जुगलबंदी ऐकताना कोण कुठे संपतं तेच कळत नाही.

अडचण उजव्या हाताची आहे. पिक अंगठा आणि तर्जनीत धरून मधल्या नि अनामिकेने वरच्या तारा खेचायच्या, हे सावकाश जमतं. वेग वाढवला की बोटांचे सूर पिकपेक्षा दबके येतात. नखं वाढवावीत, की तार बोटाच्या मांसल टोकानेच ओढायची? तारा ०.०१० च्या (सर्वांत बारीक तारेची इंचातली जाडी) आहेत, ०.००९ लावून फरक पडेल?

दुसरं म्हणजे डिले, म्हणजे वाजवलेला सूर थोड्या वेळाने पुन्हा ऐकवणारा इफेक्ट. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीला ३७५ मिलिसेकंद ठेवून आठव्याचे (एका ठोक्यात दोन) सूर वाजवले की प्रतिध्वनी मधल्या जागा भरतो, पण माझा ताल त्यामागे घसरतो. मेट्रोनोमवर याचा रियाज कसा करता? आणि होगन्स हीरोजचं कुठलं थेट ध्वनिमुद्रण आधी ऐकू?