बालेवाडीच्या त्या संध्याकाळी

मुंबईच्या कूपरेज मैदानावरच्या फुटबॉलच्या तुमच्या आठवणी वाचून छान वाटलं. पण 'पुण्यात फुटबॉल बघायला कोण जायचं' असं तुम्ही विचारलंत, म्हणून लिहितोय. आम्ही जायचो, बालेवाडीला.

१९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेलं ते स्टेडियम. मैदानाभोवती धावण्याचा ट्रॅक, त्यामुळे खेळाडू लांब दिसत. पण आय-लीगच्या, म्हणजे देशातल्या तेव्हाच्या मुख्य फुटबॉल लीगच्या, दिवसांत गर्दी बेताची असायची, आणि त्या शांततेत गोलकीपरने बचावफळीला मारलेली हाक थेट आमच्यापर्यंत यायची. टीव्हीवर ते कधीच ऐकू येत नाही. मी आणि माझा मामेभाऊ कोथरूडहून स्कूटरवर जायचो. परतताना हायवेवर गार वारा, आणि घरी पोचेपर्यंत अराता इझुमीचीच चर्चा. वडील गुजराती, आई जपानी, आणि पुणे एफसीकडून खेळताखेळता हा माणूस भारताचा नागरिक झाला! आपल्या गावच्या संघातून कुणीतरी भारताच्या जर्सीत गेलं याचा केवढा अभिमान वाटला होता.

२०१२-१३ला आपण आय-लीगमध्ये दुसरे आलो, चर्चिल ब्रदर्सच्या मागे. ते अजून लागतं.

पुढे आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) एफसी पुणे सिटी हा पुण्याचा नवा संघ आला, स्टँड नारंगी झाले. मार्च २०१८मध्ये बंगळुरूविरुद्ध उपांत्य फेरीचा पहिला सामना इथे ०-० सुटला. परतीच्या सामन्यात तिकडे बंगळुरूच्या सुनील छेत्रीने हॅटट्रिक मारली आणि आपण ३-१ हरलो. २०१९मध्ये तो संघ बंद झाला.

माझी नारंगी जर्सी अजून कपाटात आहे. पुण्याचा संघ परत उभा राहिला, तर पहिल्या सामन्याला तीच घालून जाणार.