जुन्या डुकाटीचा खर्च

जुनी ट्विन सिलिंडर डुकाटी स्वस्तात मिळतेय, घ्यावी का, असं विचारलंय. ऑइल-फिल्टरच्या खर्चाला घाबरू नका, आधी मागच्या डेस्मो सर्व्हिसचं, म्हणजे व्हॉल्व्ह तपासणीच्या मोठ्या सर्व्हिसचं, बिल मागा. या डेस्मो इंजिनात व्हॉल्व्ह बंद करायलाही स्प्रिंगऐवजी वेगळा रॉकर (छोटी दांडी) असतो, म्हणून प्रत्येक व्हॉल्व्हचे दोन गॅप तपासावे लागतात. आठ व्हॉल्व्ह असतील तर सोळा मापं! त्यात टाकी, एअरबॉक्स उतरवा, परत बसवा. पैसा जातो तो या मजुरीत. टायमिंग बेल्टवाली (व्हॉल्व्हची उघडझाप पट्ट्यावर चालणारी) असेल तर गाडी नुसती उभी असली तरी ठरावीक वर्षांनी बेल्ट बदलायचेच. तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात. डुकाटीच्याच चार सिलिंडरच्या मल्टिस्ट्राडा व्ही४ ला मात्र व्हॉल्व्ह बंद करायला स्प्रिंग आहेत, तिची व्हॉल्व्ह तपासणी ६०,००० किमीला.

आपल्याकडचा पाऊसही धरा हं. चोर्ला, आंबोलीत भिजून आलात की चेन लगेच धुऊन ल्युब मारा. ब्रेक ऑइल ओलावा ओढतं, दोन वर्षांनी बदला. एवढं बेळगावातला चांगला मेस्त्री करतो. डेस्मोचं काम मात्र त्या इंजिनावर हात बसलेल्याकडेच द्या, आणि त्यासाठी गाडी टेम्पोत घालून बाहेरगावी न्यावी लागली तर ते भाडंही आत्ताच हिशेबात घ्या.