मदत हवी आहे: वादळ भोगलेल्या माणसांचं मराठी लेखन

नमस्कार मंडळी. अकरावी-बारावीच्या मुलांसाठी 'वादळ: निसर्गातलं आणि साहित्यातलं' असा तासाभराचा कार्यक्रम बसवतेय. त्यासाठी वाचन सुचवाल का?

प्रतीकाची बाजू मजबूत आहे. शेक्सपिअरचा लिअर राजा मुलींनी झिडकारल्यावर माळरानावर वादळात उभा राहतो, तेव्हा बाहेरचा कल्लोळ आणि डोक्यातला कल्लोळ वेगळे काढताच येत नाहीत. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'मध्ये (१९७०) तर अप्पासाहेब बेलवलकर स्वतःलाच तुफान म्हणवतात. मला हे पाऊल जास्त मोठं वाटतं, कारण इथे वादळच निवारा मागत फिरतं.

अडतंय ते दुसऱ्या बाजूला. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकलं. वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. श्रीवर्धन, दिवेआगर भागात पोफळी ओळीनं मोडल्या, घरांची कौलं-पत्रे उडाले. नवी पोफळ लावली तरी सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात, म्हणजे वाडीवाल्याचं वादळ वारा थांबल्यावरच सुरू होतं. हे नुकसान मुलांना आकड्यांतून कळणार नाही, त्यासाठी माणसाचा आवाज हवा.

तर वादळाला रूपक न करता ते जसं झेललं तसं मांडणारी मराठी कथा, कविता, आठवणी कुणाला माहीत आहेत का? कोळी किंवा आगरी बोलीतलं काही असेल तर फारच छान. वाचायला दहा मिनिटांपेक्षा जास्त नको. लेखकाचं नाव आणि पुस्तक कुठे मिळेल तेही कृपया सांगा.