फोनमध्ये तोंड खुपसून जेवायचे दिवस

पेठेतला पाहुणा:
काल नारायण पेठेतून जाताना जुनी मेस दिसली आणि २०१७ आठवलं. लातूरहून आलेलो, 'करायलोय' म्हटलं की वर्गात खसखस पिकायची, मग बोलणंच बंद. मेसमध्ये एका हाताने पोळी, दुसऱ्या हातात फोन. रोजचा एक जीबी दुपारीच उडालेला असायचा तरी गॅलरीच वरखाली करत बसायचो, कोणी बोलू नये म्हणून. समोरचा मुलगा पण सेम. चार महिने एका टेबलावर, एक शब्द नाही. शेवटी काकूंनी गाव विचारलं तर तो उदगीरचा निघाला!! तुमचेही अनुभव टाका.

चहाबाज:
रविवारी शिकरण असायची तीच का मेस?

मास्तरीण:
कुकर लावलाय, पटकन लिहिते. लॉकडाऊनमध्ये ऑनलाईन शिकून आलेली माझी पहिली बॅच, व्हॉट्सअपवर डाउट विचारताना निबंध लिहायची. स्टाफरूमच्या दारात मात्र येऊन परत जायची. व्हायवाला एकीचे हात इतके थरथरत होते की मीच घाबरले, उत्तरं सगळी येत होती हो तिला

ताशाप्रेमी:
माझा फोन ढोलपथकाने सोडवला. कमरेला ढोल, दोन्ही हात अडकलेले, फोन बॅगेत. नदीपात्रात सरावाला दोन तास करणार काय, शेजारच्याशी बोलावंच लागतं. टिपरू त्याच्याच बोटावर बसलं, आता जिगरी आहे

जुनाट:
आम्ही पुस्तकात तोंड खुपसून बसायचो. लाजाळू माणसाला आडोसा लागतो, फोनच्या नावाने कशाला खडे फोडता.

निनावी बरी:
@जुनाट पुस्तकातून दर मिनिटाला टिंग वाजत नाही ना काका.
माझं जरा जास्त होतं. कँटीनमध्ये ऑर्डर द्यायची म्हणून उपाशी राहिलेय. काउन्सेलर म्हणाल्या, भीती वाटली की तू फोन काढतेस, तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण बोललं तरी काही बिघडत नाही हे मनाला कळायला संधीच मिळत नाही. होमवर्क काय दिला तर लक्ष्मी रोडवर रोज एकाला पत्ता विचारायचा.

ताशाप्रेमी:
पुण्यात पत्ता?? डायरेक्ट शेवटची लेव्हल 😂

निनावी बरी:
पहिलेच आजोबा, "पाटी वाचता येत नाही का?" मला रडूच यायला हवं होतं, हसू आलं.
कोणाला फारच त्रास होत असेल तर टेलिमानस १४४१६, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट, मराठीत बोलतात.

मास्तरीण:
नंबर वर्गात सांगते. शिट्ट्या झाल्या, पळते

चहाबाज:
अहो पण शिकरणीचं काय

पेठेतला पाहुणा:
हो तीच मेस. उदगीरवाला त्याची वाटी मला द्यायचा, त्याला केळं आवडत नाही. हेसुद्धा काकूंनीच सांगितलेलं.