मदत हवी आहे: ईमेल फंक्शनच्या डॉक्युमेंटेशनमधले चुकीचे दुवे

आमच्या पायथन लायब्ररीचं डॉक्युमेंटेशन स्फिंक्समध्ये (डॉक्युमेंटेशनची पानं तयार करणारं साधन) आहे. ईमेल पाठवणाऱ्या फंक्शनच्या पानांवर 'हेही पाहा'खालचे दुवे पार विस्कटलेत. एक दुवा पायथनच्या 'एसएमटीपीडी' (ईमेल सर्व्हर बनवायच्या) मॉड्यूलकडे जायचा. ते पायथन 3.12 मधून काढून टाकलं, त्यामुळे आता तिथे नुसतं नाव दिसतं, क्लिक होत नाही. अशा तुटक्या दुव्यांसाठी स्फिंक्सचं 'निटपिकी' सेटिंग चालू केलं, की बिल्ड करताना सगळ्या वॉर्निंग धडाधड येतात. तो भाग जमला.

खरी डोकेदुखी वेगळीच. पायथनमध्ये ईमेल पाठवायला 'सेंडमेल' आणि 'सेंड_मेसेज' अशी दोन फंक्शन आहेत. 'सेंडमेल'ला तयार मजकुरासोबत पाठवणारा आणि घेणारा यांचे पत्ते वेगळे द्यावे लागतात. 'सेंड_मेसेज' मेसेज ऑब्जेक्ट घेतं आणि पत्ते दिले नाहीत तर हेडरमधून उचलतं. आमच्या पानावर वर्णन दुसऱ्याचं, दुवा पहिल्याचा! (कॉपी-पेस्टची कृपा, बहुतेक माझीच.) दोन्ही फंक्शन अस्तित्वात असल्यामुळे स्फिंक्स चकार शब्द काढत नाही.

असे 'चालू पण चुकीचे' दुवे शोधायला कोणी काही स्क्रिप्ट वापरतं का? की प्रत्येक पान डोळ्यांखालून घालण्याला पर्यायच नाही? आणि दुरुस्त्या एकाच पुल रिक्वेस्टमध्ये (बदल तपासून सामील करून घ्यायच्या विनंतीत) द्याव्यात की पानागणिक वेगळ्या?